ओगुतुच्या घरचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. आवाज जरा घोगरा लागेल, चालवून घ्या. आर्जवं करणं आमच्या जातीला जमत नाही. माणसं आम्हाला गर्विष्ठ म्हणतात आणि रोज सकाळी आमच्याच हाकेनं उठतात.

सरोवराकाठच्या गावात, ओगुतु आणि ओबुरा या दोन भावांच्या बापाच्या आवारात माझा जन्म झाला. बाप कधीच मरून गेला होता. धान्याच्या कणगीखाली आईनं नऊ पिल्लं काढली. आठ मुंगसानं नेली, उरलो मी. त्या आठांचं मला काही वाटत नाही. वाटून घेत बसलो असतो तर आज इतका तुरा वाढला नसता.

ओगुतु थोरला, मासेमारीची जाळी दुरुस्त करायचा. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तेव्हापासून पन्नाशीचा हा माणूस बापाच्या फाटकाजवळ, लग्नाआधीच्या पोरांसाठी असते तसल्या झोपडीत झोपायचा. ओबुरा धाकटा. शहरात त्याचे तीन ट्रक होते. त्यानं टेकडीवर घर बांधलं होतं. निळं छप्पर, काचेच्या खिडक्या, आत नळ. पण घराला वर्षभर कुलूप होतं. दर रविवारी यायचा, काचा पुसायचा आणि तोंड पाडून परत जायचा.

कारण सरळ होतं. आमच्याकडे थोरल्यानं आपलं घर उघडल्याशिवाय धाकट्यानं आपल्या घरात पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर पोरं दगावतात म्हणतात. ओबुरा शहरात या गोष्टींवर हसायचा. गावात आला की हसायचा नाही.

बरं, घर उघडायचं म्हणजे नवऱ्यानं कुऱ्हाड आणि बापाच्या आवारातला कोंबडा घ्यायचा, बायकोनं विस्तव घ्यायचा आणि दोघांनी नव्या घरात जायचं. ओगुतुकडे कुऱ्हाड होती, मी होतो. बायको कुठून आणणार?

तीही ओबुरानंच आणली. अविती तिचं नाव. शहराच्या बाजारात तळलेले मासे विकायची. नवरा मेला तेव्हा दिरांनी तिला बाहेर काढलं, माहेरी गेली तर भावजयीनं. "माझा भाऊ साधा आहे. तुला घर देईल," एवढंच ओबुरानं तिला सांगितलं. घर हा शब्द ऐकल्यावर तिनं पुढचं काही विचारलं नाही.

घर एका दिवसात उभं करायचं असतं. सगळी भावकी जमली. जागा ओबुरानं दाखवली: टेकडीच्या पायथ्याशी, दलदलीला लागून, पाय ठेवला की चिखल वर येतो अशी.

"इथं?" न्यांगवेसोकाका म्हणाला. भावकीत वयानं तोच मोठा. "अरे, इथं बेडूकसुद्धा भाड्यानं राहणार नाही."

"काका, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," ओबुरा हळूच म्हणाला. "चार सकाळी तिथं कोंबडा आरवला की माझं कुलूप निघालं. मग कोण राहतंय! दादा परत आपल्या झोपडीत. मला तिथं भात लावायचाय."

"आणि ती बाई?"

"बाईचं काय, आणली तिथं सोडून येऊ."

काकानं दारूच्या मडक्यातली नळी तोंडात धरली. मी ओगुतुच्या काखेत होतो. मी सगळं ऐकलं, ओगुतुनंही ऐकलं. साधी माणसं वाईट नसतात, असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी तो गप्प बसला, ते मी अजून विसरलेलो नाही.

संध्याकाळी खापरात निखारे घेऊन अविती दारात आली. घर कसलं, वाकडे वासे आणि जुन्या खिळ्यांची भोकं पडलेले पत्रे. तिनं ते पाहिलंच नाही. दाराच्या डाव्या बाजूची माती पायानं दाबून बघितली.

"बायकोला इथंच पुरतात ना? डावीकडे?"

"आधी आत तर चल," ओगुतु म्हणाला. "मरायची एवढी काय घाई?"

"घाई नाही हो. तिसऱ्यांदा कुणी हाकलू नये, एवढंच."

ओगुतुनं मान खाली घातली आणि आत गेला.

आता नव्या घराचं सुख ऐका. पहिल्या सकाळी जमिनीतून पाणी वर आलं, चटई तरंगायला लागली. दुसऱ्या दिवशी लाल मुंग्यांची फौज चुलीतून निघाली. कोपऱ्यात काकानं आहेर दिलेली कोंबडी अंड्यांवर बसली होती. आम्ही राख पसरेपर्यंत तिची पिसं तेवढी राहिली. तिसऱ्या दिवशी दलदलीतला पाणघोडा आला, कुंपणातून असा गेला की जणू कुंपण त्याच्यासाठीच उघडं ठेवलं होतं, आणि अवितीनं लावलेली सगळी रोपं खाऊन गेला. ती बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे जाड्या, तोंड तरी पूस!" ओगुतु हसला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या आवारात जन्मल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

चौथी सकाळ झाली. मी आरवलो. वर टेकडीवर कुलूप निघाल्याचा आवाज आला, मग बैल कापला गेला, गाणी झाली. अवितीला जेवायला बोलावलं नाही, पाणी भरायला बोलावलं.

पाचव्या दिवशी ओबुरा खाली आला. "चला दादा, झालं काम. वहिनींना मी शहरात सोडतो."

अविती चर खणत होती. तिचं फावडं थांबलं. तिनं ओबुराकडे नाही, ओगुतुकडे पाहिलं.

ओगुतु दारात जाळं विणत बसला होता. "मी इथंच राहतो," तो म्हणाला.

"इथं? या चिखलात?"

"हिनं काल चर खणलाय. पाणी आता दुसऱ्या बाजूनं येतं."

"दादा, मला भात लावायचाय."

"मग लाव की तुझ्या टेकडीवर."

अवितीनं फावडं उचललं आणि इतक्या जोरात मारलं की चिखल ओबुराच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. तो मुद्दाम उडवला की कसं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ओबुराला भावाला ओढून नेता येईना. थोरल्यानं आपणहून घर सोडलं तर गोष्ट वेगळी, पण त्याला हाकलून ते मोडलं तर धाकट्याचंही टिकत नाही. आपल्याच हातानं बांधलेल्या गाठीत तो अडकला होता. मग त्यानं दुसरा मार्ग काढला. टेकडीवरच्या न्हाणीचं आणि मोरीचं पाणी पाट काढून आमच्याकडे सोडलं. साबणाचा फेस आमच्या चुलीपर्यंत यायचा. "पाणी उताराकडे जातं वहिनी, मी काय करू?" असं म्हणायचा.

दोन वर्षं ते दोघं त्या पाण्याशी झगडले. ती भराव टाकायची, पाणी भराव खायचं. ती पुन्हा टाकायची. वाळलेल्या बारीक ओमेना माशांचं कालवण आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली रोज एकाच ताटात खायचे. आणि डासांनी ओगुतुला खाल्लं. या पावसाळ्यात तो तापानं आडवा झाला तो उठलाच नाही.

तेव्हा ओबुरा ट्रक घेऊन आला. "दादाला मी नेतो. माझ्याकडे कोरडं आहे, डॉक्टर येईल."

"मीही येते," अविती म्हणाली.

"जागा नाही, वहिनी."

त्या ट्रकमध्ये वीस गाई मावतात. पण माझ्यासाठी जागा होती. ओबुरानं मला पोत्यात घातलं. "आजाऱ्याला आपल्या कोंबड्याची सोबत," तो म्हणाला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

आता माझी लाज सांगतो. टेकडीवर मक्याचे पिवळेधमक दाणे होते, चौदा कोंबड्या होत्या, बसायला विटांची भिंत होती. चिखल नाही, मुंग्या नाहीत. मी भिंतीवर चढलो आणि छाती फुगवून आरवलो. रोज आरवलो. खाली अख्ख्या गावानं ऐकलं. ओसरीवरच्या चटईवरून ओगुतु विचारायचा, "अविती आली का?" ती रोज यायची. फाटकाबाहेर उभी राहायची. ओबुराची बायको रोझा तिला सांगायची, "दादा झोपलेत, जाऊबाई." मी भिंतीवरून तिला बघायचो आणि पुन्हा दाणे टिपायला खाली उतरायचो. डॉक्टर एकदाच आला. सहाव्या दिवशी ओगुतु गेला.

तेव्हा मला कळलं की पोत्यात मला कशाला घातलं होतं.

भावकी जमल्यावर ओबुरा म्हणाला, "दादानं घर रीतीनं उघडलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण शेवटी त्यानं ते सोडलं. माझ्याकडे राहायला आला, माझ्या ओसरीवर त्यानं प्राण सोडला. त्याचा कोंबडाही इथंच आरवतो, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्याला बापाच्या आवारात पुरू."

माना हलल्या. कोंबडा आरवतो तिथं घर, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि ओगुतु बापाच्या आवारात पुरला गेला तर खालचं घर घर राहत नव्हतं, अविती कुणाची बायको राहत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिथं भाताचा चिखल झाला असता.

"मला माझा कोंबडा द्या," अविती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "घरधनी गेला की त्याच्या घरात त्याचा कोंबडा कापतात आणि भावकी खाते. माझ्या चुलीवर शिजू दे. मग म्हणा, हे घर नव्हतं."

"जिवंत कोंबडा माझ्या भिंतीवर आहे, वहिनी. तुमच्या चुलीवर कशाला?"

न्यांगवेसोकाकानं पुढं आलेली दारूची नळी बाजूला सारली. दोन वर्षांपूर्वीची ती नळी बहुधा त्याच्या घशात अडकली असावी. शेवटी म्हणाला, "कोंबड्यालाच विचारा."

लोक हसले. काका हसला नाही. दिवस कलत आला होता. त्यानं मला उताराच्या मधोमध, पायवाटेवर सोडलं. वर निळं छप्पर, खाली वाकडे पत्रे. रोझानं वरच्या बाजूला मूठभर मका फेकला. अवितीजवळ फेकायला काही नव्हतं. ती खाली आपल्या दारात जाऊन बसली.

मी मक्याकडे गेलो. खोटं कशाला सांगू? दाणा न् दाणा टिपला. ओबुरा हसून म्हणाला, "बघा! कोंबड्यालासुद्धा कळतं."

"थांब," काका म्हणाला. "खायला तो कुठंही जाईल. झोपायला कुठं जातो ते बघू."

सूर्य सरोवराला टेकला. माझं पोट भरलं होतं. वर चौदा कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या, दार उघडं होतं. माझा जीव तिथं वाचणार होता, मला पक्कं ठाऊक होतं. खाली मला काय मिळणार तेही तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मला ती त्या दारात बसलेली दिसली, एकटी, हात मांडीवर ठेवून. ओगुतु "आली का" म्हणून विचारायचा तो आवाज आठवला. मला माझी किळस आली. मी पायवाट उतरलो. चिखल ओलांडला, तिच्या पायाशी गेलो. कुणी याला त्याग म्हणू नका. मी भित्रा आहे, वाटेत दोनदा मागं वळून खुराड्याकडे पाहिलं.

तिनं मला उचलून छातीशी धरलं. तेव्हा ती रडली.

काल ओगुतुला दाराच्या उजवीकडे पुरलं. खड्ड्यात सारखं पाणी येत होतं. अविती सकाळपासून टोपानं पाणी उपसत होती, भावकीतले पुरुष बघत होते. शेवटी काकानं कोट काढला आणि आत उतरला.

आज सकाळी मी तिच्या चुलीजवळ टोपलीखाली आहे. पाणी उकळतंय. ती दगडावर सुरी घासते आहे आणि मधूनमधून म्हणते, "रागावू नकोस रे राजा." नाही गं, रागावलो नाही. घाबरलोय मात्र खूप.

भावकी आलीय. ओबुराही आलाय, यावंच लागलं. भावाच्या घरचा कोंबडा त्यानं खाल्ला नाही, तर थोरल्याचं घर नव्हतं असं त्यानंच म्हटल्यासारखं होईल. मग निळ्या छपराखाली त्याची पोरं कुणाच्या आधारावर झोपणार? आणि खाल्ला, की अवितीचं घर कायमचं कबूल.

मंडळी, तुम्हाला एकच मागतो. मी म्हातारा आहे, मांस चिवट निघेल. माझी तंगडी ओबुराच्या ताटात वाढा. तो पोट बिघडलंय म्हणेल, हात धुवायला उठेल, ऐकू नका. त्यानं चावून चावून ती अवितीसमोर गिळेपर्यंत कुणी ताटावरून उठू नका.