पाठीवर ‘पार्किंग’ लिहिलेला फलक

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना फलक आहे, आणि मी रागावलेला आहे. गोड बोलून सांगावं असं माझ्याजवळ फार थोडं आहे. ते थोडं आधी सांगून टाकतो.

माझा जन्म कारंज्याला सादिक पेंटरच्या दुकानात झाला. तेव्हा गावोगाव फ्लेक्सची छपाई सुरू झाली होती आणि हाताने पाट्या रंगवणाऱ्यांना कोणी विचारत नव्हतं. सादिककडे ट्रॉलीवरचे नंबर आणि शाळेच्या भिंतीवरचे सुविचार एवढंच काम उरलं होतं. अशात पुरातत्त्व खात्याच्या कचेरीतला एक माणूस पाटीचा मजकूर घेऊन आला. सादिकने मला घासून लख्ख केलं, आधी लाल आणि मग निळा रंग दिला. अक्षरं लिहायला बसण्याआधी त्याने त्या माणसाला विचारलं, की हे दफनस्थळ कोणाचं? तो माणूस म्हणाला, की फार जुन्या लोकांचं, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत.

ते ऐकल्यावर सादिकने हातातला ब्रश खाली ठेवला, हात धुतले आणि मगच लिहायला घेतलं. “हे प्राचीन दफनस्थळ आहे. येथील दगड हलवू नयेत. नुकसान करणे गुन्हा आहे.” पांढरी, ठसठशीत अक्षरं. रस्त्याने जाणारे थांबून म्हणायचे, काय अक्षर आहे! मित्रांनो, माझं एवढंच कौतुक झालं, आणि ते मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

मग मला जीपमध्ये घालून इंझोरीच्या पुढच्या बरडावर आणलं आणि दोन लोखंडी पायांवर उभं केलं. बरड म्हणजे मुरमाड, ओसाड माळ. तिथे बोरीची झुडपं होती, तरोट्याचं तण होतं आणि मधोमध काळ्या दगडांचं एक मोठं वर्तुळ होतं. कोणताही दगड माणसाच्या कमरेपेक्षा उंच नव्हता, पण एकेक दगड इतका जड होता की हलवायला चार-सहा माणसं लागावीत. त्या वर्तुळाच्या पोटात माणसं पुरलेली होती. त्यांच्या उशाशी मडकी ठेवली होती आणि लोखंडी कुऱ्हाडी ठेवल्या होत्या. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर काही कमी पडू नये, म्हणून कोणीतरी रडत रडत ते सगळं मांडलं असणार. मग लांबून दगड ओढून आणले असणार. त्या लोकांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या वतीने बोलायला मी होतो.

पण माझं ऐकलं कोणी? पहिल्या उन्हाळ्यातच पोरांनी माझ्यावर नेम धरून गोटे मारले. दुपारी दारू प्यायला येणारे बाटल्या दगडांवर फोडत. एका जोडप्याने सर्वांत मोठ्या दगडावर ऑइलपेंटने आपली नावं लिहिली आणि भोवती बदाम काढला. एकदा तिघेजण सोनं शोधायला कुदळ घेऊन आले. फुटक्या मडक्याशिवाय काही मिळालं नाही तेव्हा ते मडकंही त्यांनी लाथेने उडवलं. माझी अक्षरं पुसट झाली असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती स्पष्ट होती. येणारा प्रत्येक जण मला वाचायचा आणि मग हवं ते करायचा. याचाच मला राग येतो.

तरी दगड जागेवर होते. मग दौलतराव आले.

दौलतरावांचा कारंजा रस्त्यावर लग्नाचा लॉन आहे. गावात त्यांचा मान आहे, देणगीच्या प्रत्येक पाटीवर त्यांचं नाव वर असतं. लॉनमधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना लावायला त्यांना शोभेचे दगड हवे होते. भर उन्हात, दिवसाढवळ्या ते जेसीबी आणि ट्रॅक्टर घेऊन बरडावर चढले. जेसीबी चालवायला कामरगावचा पवन होता. त्याने मला वाचलं आणि मशीन बंद केलं.

“भाऊ, इथं तं लिहेल हाये,” तो म्हणाला.

“तुले मशीन चालवायले आनलं, वाचायले नाई,” दौलतराव म्हणाले.

पवनने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं. मला तो क्षण विसरता येत नाही. त्या क्षणी तो खाली उतरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एकेक दगड उपटला जात होता. दगडाबरोबर खालची माती वर येत होती, मातीत काळी-तांबडी खापरं होती, हाडाचे तुकडे होते. त्यावरून ट्रॅक्टरचं चाक गेलं. गंजून फुगलेली एक कुऱ्हाड बकेटमधून निसटली. दौलतरावांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि बोरीच्या काट्यात भिरकावली. एक दगड ट्रॉलीत टाकताना मधोमध फुटला. त्याचे दोन्ही तुकडे नेले. हजारो वर्षांत वीज, पूर, वणवा कशालाही जमलं नव्हतं, ते एका दुपारी उरकलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. पत्रा चांगला आहे, कामात येईल, असं म्हणून माझे पाय मुरमातच कापले आणि मला दगडांवर पालथं टाकलं.

लॉनवर त्या दगडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारले. मित्रांनो, थडग्याच्या दगडांना लग्नाच्या वाटेवर रंगवून उभं केलं! मला भिंतीला तोंड करून ठेवलं होतं, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

थोड्या दिवसांनी पार्किंगची पाटी रंगवायला पेंटर बोलावला. तो सादिक होता. कोणती बाजू गुळगुळीत आहे ते पाहायला त्याने मला फिरवलं, आणि स्वतःचीच अक्षरं त्याच्या समोर आली. मग त्याने वळून वाटेवरचे पट्टेवाले दगड पाहिले. त्याला सगळं समजलं. आता हा बोलेल, असं मला वाटलं. पण दौलतराव खुर्चीत बसून पाहत होते. सादिकने मला पुन्हा पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर ‘पार्किंग’ लिहून एक बाण काढला. ज्याने मला बोलायला शिकवलं, त्यानेच माझं तोंड जमिनीत दाबलं. दौलतरावांपेक्षा मला त्या दिवशी त्याचाच जास्त राग आला. नंतर त्यांच्या माणसांनी मला तारेने फाटकाच्या खांबाला बांधलं.

पुढचं मला सादिकच्याच तोंडून कळलं. त्याची मुलगी इफ्रा आठवीत आहे. तिच्या वर्गाला योगिनी मॅडम इतिहास शिकवतात. प्राचीन दफनस्थळ आपल्याच जिल्ह्यात आहे, ते पुस्तकात कशाला पाहायचं, म्हणून त्या मुलांना घेऊन बरडावर गेल्या. तिथे खड्डे होते. खड्ड्यांत पावसाचं पाणी होतं आणि बाजूला माझ्या कापलेल्या पायांचे दोन खुंट होते. मॅडम मुलांना काय सांगणार? घरी येऊन इफ्राने अब्बूंना सांगितलं, की दगड तर नेलेच, पण तिथली पाटीसुद्धा कोणीतरी चोरली. सादिकने मुलीला खरं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, की तुम्ही तेव्हा काहीच कसं बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो योगिनी मॅडमना घेऊन लॉनवर आला. इफ्राही होती. फाटकाशीच, माझ्याजवळ, दौलतराव भेटले. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की हे दगड परत द्या, ती मेलेल्या माणसांची जागा आहे. दौलतराव हसले.

“गोट्यासाठी आल्या का तुमी, मॅडम? तिथं कोनाच्या बापाले पुरलं होतं काय?”

मॅडम उत्तर देण्याआधी सादिक पुढे झाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

“कोनाच्या तरी बापालेच पुरलं होतं नं, दौलतराव. कोनाच्या मायले पुरलं असंन, लेकराले पुरलं असंन. आपल्याले नाव मालूम नाई, येवढंच.”

दौलतरावांचं हसू गेलं. याच आठवड्यात लॉनवर लग्न आहे, आपल्या दारात तमाशा नको, असं म्हणून ते आत निघून गेले. मॅडमनी कचेरीत अर्ज केला. त्याचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

लग्नाच्या सकाळी सादिक पक्कड घेऊन आला. फाटकावरच्या माणसाला वाटलं, पाटी घट्ट करायला आला असेल. सादिकने तार कापली, मला फिरवलं आणि नव्या तारेने बांधलं. चोरून नाही, सगळ्यांच्या समोर. मग तो माझ्याशेजारी उभा राहिला.

पहिली गाडी आसेगावची आली. तिच्यातून नवरदेवाची आत्या, केशरबाई, उतरल्या. त्यांनी गाडी कुठे लावायची म्हणून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. हे दगड कुठले, असं त्यांनी विचारलं. दौलतरावांना ते आणताना ज्याने पाहिलं होतं, तो फाटकावरचा माणूस खाली मान घालून म्हणाला, की इंझोरीच्या बरडावरचे. केशरबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

“मेलेल्याच्या उशाचे गोटे आनून त्याईले चुना फासला यानं. अन् यातून आमची वरात नेता?”

पाहता पाहता बातमी मांडवात पोचली. नवरदेवाची गाडी मागच्या दाराने न्यावी लागली. अक्षता घाईघाईने पडल्या. पुष्कळ पाहुणे न जेवता गेले. कोणी म्हणालं भुतं मागे लागतील, कोणी म्हणालं संसाराला नजर लागेल. पुढची लग्नं एकेक करून दुसऱ्या लॉनवर गेली, आणि महिना संपायच्या आत दौलतरावांचा ट्रॅक्टर दगड आणि मला घेऊन बरडावर चढला.

तुम्हाला वाटेल, आता मी खूश असेन. नाही, मित्रांनो. लाज वाटली ती एकट्या केशरबाईंना. बाकीचे भुताला घाबरले. गुन्हा आहे असं मी वर्षानुवर्षं सांगत होतो, तेव्हा कोणी घाबरलं नाही.

आणि दगड कसे परत आले म्हणता? ट्रॉली उलटी करून, ढिगाऱ्याने. योगिनी मॅडम, सादिक आणि इफ्रा पाहायला आले. सादिकने मला नवे पाय लावून पुन्हा उभं केलं. ढिगाऱ्याकडे पाहत इफ्राने विचारलं, की आता आपण हे पुन्हा गोल मांडू या का? मॅडम म्हणाल्या, की मांडता येतील, पण कोणता दगड कुठे होता, कोणाच्या उशाला होता, ते आता जगात कोणालाच माहीत नाही. आपण मांडलं तर ते आपलं होईल, त्यांचं राहणार नाही. म्हणून ते दगड ढिगाऱ्यातच आहेत. त्यांच्यावरचा चुना पावसाने गेला, गेरू अजून गेलेला नाही.

मित्रांनो, इथून पलीकडे दिसतो त्या बरडावर अशीच आणखी दोन वर्तुळं आहेत. ती अजून जशीच्या तशी आहेत. तिथे फलक नाही आणि बहुधा कोणी लावणारही नाही. तुम्ही कधी तरी तिथे जाल. तुम्हाला अडवायला कोणी नसेल, वाचायला काही नसेल, आणि एखादा लहानसा दगड खिशात मावेल असा असेल. तो उचलू नका. ज्याच्या उशाशी तो ठेवला आहे, तो माणूस अजून तिथेच आहे.