मेतोदीच्या हातची बनित्सा

"आधी पोटात काहीतरी ढकलू, मग वाच काय वाचायचंय ते," असे म्हणून गिनकाने खानावळीचे दार ढकलले आणि ती आत गेलीसुद्धा. तिच्या पाठोपाठ सेव्दा गेली, हातात खाण्याच्या पदार्थांची यादी घेऊन. रुमेना मात्र बाहेरच राहिली.

दाराशेजारी लिंडनचे जुने झाड होते. त्याच्या बुंध्यावर, सगळीकडे असतात तसे, श्रद्धांजलीचे कागद चिकटवलेले होते. काळी चौकट, वर फोटो, खाली चार ओळी. त्यातल्या एका कागदावरून तिचा नवरा मेतोदी तिच्याकडे पाहत होता.

पहिल्यांदा तिला वाटले, हा आपलाच कागद. तीनच आठवड्यांपूर्वी, मेतोदीला जाऊन वर्ष झाले म्हणून, तिने सोफियात स्वतःच्या हाताने सात कागद चिकटवले होते. इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, पाववाल्याच्या भिंतीवर. त्यातलाच एखादा वाऱ्याने उडाला आणि आपल्या आधी सीमा ओलांडून सर्बियातल्या निशला येऊन बसला, असे क्षणभर तिला खरेच वाटले. मग तिने वाचले. सर्बियन भाषा आपल्या बल्गेरियनची मावसबहीण, समजायला कठीण नव्हतेच.

"मेतोदी इलिएव्ह. एक वर्ष झाले. तुझी खुर्ची अजून तुझीच आहे. तुझ्या हातची बनित्सा आम्ही विसरलेलो नाही. गुरुवारचे टेबल."

तिने पुन्हा वाचले. तुझ्या हातची बनित्सा. पातळ पोळ्यांत चीज भरून भट्टीत भाजायची ती बनित्सा दूरच, एकेचाळीस वर्षांच्या संसारात मेतोदीने साधे अंडे उकडले नव्हते. ती पित्ताशयाच्या ऑपरेशनला पाच दिवस दवाखान्यात होती, तेव्हा हा माणूस पाच दिवस पाव आणि कांदा खाऊन राहिला होता.

नावासारखी नावे असतात, ती मनाशी म्हणाली. चेहऱ्यासारखे चेहरेही असतात. शिवाय फोटोतला माणूस तोंड उघडून हसत होता, पडलेल्या दाताची खिंडही दिसत होती. मेतोदीचा असा फोटो तिच्याकडे एकही नव्हता. तिच्या कागदांवर तिने वाहन परवान्यावरचा फोटो दिला होता. त्यात तो पोलिसाने अडवल्यासारखा दिसे.

पण अंगातला शर्ट पट्ट्यापट्ट्यांचा होता आणि त्याचे वरून दुसरे बटण बाकीच्यांहून मोठे होते. ते बटण तिच्या जुन्या कोटाचे होते. तिनेच लावले होते.

ती आत जाऊन बसली. गिनका, सेव्दा आणि ती, तिघींनी सोफियाच्या एका दवाखान्याच्या धोबीखान्यात उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यापासून त्या दोघी दर वसंतात शनिवार-रविवार धरून कुठल्यातरी शहराला जात, तिथले जे प्रसिद्ध असेल ते खात आणि सोमवारी पोट धरून बसत. एकदा ग्रीसमधल्या सोलूनला जाऊन आल्या, एकदा स्कोपयेला. रुमेना कधी गेली नव्हती. नवऱ्याला सोडून फिरायला जायचे, हे तिच्या स्वभावात नव्हते. या वर्षी त्या दोघींनी तिला जवळजवळ उचलूनच बसमध्ये घातले. बसच्या ड्रायव्हरने सांगितले होते, ट्रकवाले जिथे जेवतात तिथे जेवा, बाजाराच्या मागे. म्हणून त्या इथे आल्या होत्या.

"आज कबाब, भाजलेल्या मिरच्या," सेव्दा यादीवरून वाचत होती. "उद्या सकाळी बुरेक आणि दही. परतताना पिरोतला उतरायचं. तिथं सॉसेजला इस्त्री करतात."

"इस्त्री?" गिनका म्हणाली. "चाळीस वर्षं चादरींना इस्त्री केली, आता सॉसेजलाही करायची?"

"आपण नाही गं करायची. तेच बाटलीनं दाबून चपटं करतात. आपण फक्त खायचं."

"मग चालेल. रुमेना, तुझा चेहरा का असा धुवायला टाकल्यासारखा?"

रुमेनाने सांगितले. गिनका उठून बाहेर गेली, वाचून परत आली आणि खुर्चीत अशी बसली की खुर्ची करकरली.

"बाई आहे," ती म्हणाली. "दुसरं काही असूच शकत नाही. बनित्सा पुरुषाच्या हातची कधी असते का?"

"हळू बोल," सेव्दा म्हणाली. "तिथं टेबल लिहिलंय. बाई नाही."

"टेबलाला बाया बसत नाहीत?"

मेतोदी अठरा वर्षे ट्रकमधून काचेच्या रिकाम्या बरण्या घेऊन दर गुरुवारी निशला यायचा, इथल्या मिरच्यांच्या कारखान्यात. हे रुमेनाला ठाऊक होते. डबा तीच द्यायची. पत्र्याचा चौकोनी डबा, त्यात बनित्सा, बुधवारी संध्याकाळी केलेली. तो सांगायचा, ट्रकमध्येच बसून खातो, नि येतो. डबा रिकामा यायचा. त्यात विचारण्यासारखे काय होते?

खानावळीचा मालक मिरच्यांची ताटली घेऊन आला. सत्तरीचा, उंच, गळ्यात पांढरे फडके. नाव राडिसाव. सेव्दानेच विषय काढला.

"भाऊ, बाहेर झाडावर आमच्या सोफियाच्या माणसाचा कागद दिसला."

राडिसावचा चेहरा उजळला. "तुम्ही सोफियाच्या? ओळखत होतात मेतोदीला?"

गिनकाने तोंड उघडले. रुमेनाने टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

"शेजारी होते," रुमेना म्हणाली. "एकाच जिन्यावर."

हे वाक्य तिच्या तोंडून कसे निघाले ते तिलाच कळले नाही. पण एकदा निघाले ते निघाले. राडिसावने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि तो बसलाच.

"मग तुम्हाला माहीतच असेल तो कसा होता ते. हे खिडकीजवळचं टेबल, हे त्याचं. तो, मी, कारखान्याचा वजनवाला, आणखी दोघं ड्रायव्हर. दर गुरुवारी. पहिल्या दिवशी आला, डबा उघडला, तर सगळे हसायला लागले. आईनं डबा दिला का रे, शाळा कुठाय तुझी? तर म्हणाला, मी स्वतः करतो. आम्ही आणखी हसलो. मग एकेक तुकडा खाल्ला आणि हसायचं थांबलो."

"स्वतः करतो म्हणाला?" गिनकाने विचारले. तिचा आवाज सुरीसारखा होता.

"स्वतः. आणि नुसतं म्हणायचा नाही, सगळं ठाऊक होतं त्याला. माझी बायको मुद्दाम विचारायची, पकडायला. तर पठ्ठ्या घडाघडा सांगायचा. दह्यात सोडा घालून फसफसू द्यायचा, मग अंडी. पोळी इतकी पातळ लाटायची की खालची टेबलावरची नक्षी दिसली पाहिजे. चीज हातानं कुस्करायचं, किसायचं नाही. बायको म्हणायची, शीक काहीतरी याच्याकडून."

रुमेनाच्या हातातला काटा तसाच राहिला.

बुधवारच्या संध्याकाळी मेतोदी स्वयंपाकघरात येऊन बसायचा. चुलीजवळच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे छातीशी घेऊन. एरवी न बोलणारा माणूस. कामावर काय झाले, कंबर दुखते का, असे कधी विचारायचा नाही. पण बुधवारी विचारायचा. सोडा कधी घालतेस? किसत का नाहीस? इतकी पातळ कशाला? ती पिठाच्या हातांनी सांगत राहायची, आणि तिला वाटायचे, बाकीच्या बायकांना नवरे फुले आणतात, आपल्याला हा स्टुलावर येऊन बसतो. आठवड्यातला तेवढा एक तास तिचा होता. तो निवृत्त झाला आणि बुधवारचे येणे थांबले. तिला वाटले, माणूस म्हातारा झाला, बोलणे आटले.

म्हणजे तो पाठ करायला बसत होता?

"आणि घरचं काही बोलायचा?" गिनका आता सोडणार नव्हती. "बायको, बिको?"

"विचारलं की हसायचा. घरी सगळं ठीक आहे म्हणायचा. आम्ही समजलो, एकटाच असणार बिचारा. बायको असती तर पुरुषमाणूस लाटणं कशाला हातात धरेल?"

"बरोबर," गिनका म्हणाली. "कशाला धरेल?"

सेव्दाने एक मिरची सोलायला घेतली आणि सोलून तशीच ताटलीत ठेवली.

"पण भारी मानी माणूस," राडिसाव सांगत होता. "एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, आज मीठ जास्त पडलंय. बस्स. मेतोदीनं डबा बंद केला, उठला नि गेला. दोन गुरुवार फिरकला नाही. शेवटी मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन हात जोडले. मला म्हणाला, राडिसाव, मला काय वाटेल ते बोला, बनित्सेला बोलायचं नाही."

रुमेनाला तो गुरुवार आठवला. तिच्या आईला जाऊन नुकतेच चाळीस दिवस झाले होते, तिचे कशातच लक्ष नव्हते, मीठ दोनदा पडले होते. रात्री तिने विचारले होते, खारट झाली होती का रे? तो म्हणाला होता, नाही, छान होती.

आता या माणसाचे काय करायचे, तिला कळेना. इकडून पाहावे तर त्याने तिला अठरा वर्षे पुसून टाकले होते. तिकडून पाहावे तर तो तिच्यासाठी टेबल सोडून उठला होता. की स्वतःच्या थापेसाठी उठला होता? विचारायला तो होताच कुठे? आणि असता तरी विचारले असते का, हेही तिला सांगता आले नसते.

"गेला ते आम्हाला नव्या ड्रायव्हरनं सांगितलं," राडिसाव म्हणाला. "त्यांच्या कंपनीच्या फाटकावर कागद लागला होता म्हणे. वर्ष झालं तेव्हा म्हटलं, आपणही लावू. फोटो माझ्या मुलीनं काढलेला, त्याच्या शेवटच्या गुरुवारी. कागद लावला त्या दिवशी मी बनित्सा करून पाहिली. त्यानं सांगितलेलं सगळं केलं. पण खालून चिखल. त्याची आदल्या रात्रीची असली तरी बूड कुरकुरीत असायचं. ती एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. विचारलं की म्हणायचा, ते मला अजून कळायचंय. आम्ही म्हणायचो, अरे, स्वतः करतोस नि तुलाच माहीत नाही? तर नुसता हसायचा, बाहेर फोटोत हसतोय तसा."

रुमेनाने काटा खाली ठेवला.

ती गोष्ट मेतोदीला माहीत नव्हती, कारण तिने ती त्याला सांगितली नव्हती. तो दर वेळी विचारायचा, बूड ओलं कसं होत नाही? ती म्हणायची, पुढच्या बुधवारी सांगेन. बनित्सा भट्टीतून निघायची तेव्हा तो, पहाटे निघायचे म्हणून, झोपलेला असायचा, त्यामुळे ती युक्ती त्याला दिसलीही नाही. सगळे सांगून टाकले तर हा स्टुलावर येऊन बसायचा नाही, अशी तिला भीती होती. म्हणून तेवढे तिने हातचे राखले होते. अठरा वर्षे.

"भट्टीतून काढली की लगेच उलटी करायची," ती म्हणाली. "लाकडी फळीवर. ताटात नाही, फळीवरच. ओलं फडकं टाकू नका, कोरडं टाका. बूड वर आलं की वाफ निघून जाते. गार झाली की मग सुलटी करायची."

राडिसावने हाताचा पंजा टेबलावर उलटा करून पाहिला. "फळीवर," तो म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

सेव्दा टेबलावरच्या फडक्याची किनार बोटाने सरळ करत होती. रुमेनाने खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिले. चार खुर्च्या आत सरकवलेल्या होत्या, पाचवी जराशी बाहेर ओढलेली.

"त्यांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकदा जिन्यात."

"तुम्हाला सांगितलं, आम्हाला नाही," राडिसाव खिन्नपणे म्हणाला. "असो. शेजारधर्म मोठा."

जेवण आले. कबाब चांगले होते, असे सेव्दा म्हणाली. रुमेनाने खाल्ले, पण नंतर तिला चव सांगता आली नसती. निघताना राडिसाव दारापर्यंत आला आणि चिकटपट्टी आणायला पुन्हा आत गेला, कारण मेतोदीच्या कागदाचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता.

तेवढ्यात गिनकाने तिचा दंड धरला. "तू वेडी आहेस का? तोंडावर सांगायचं ना, ती बनित्सा माझी, हा नवरा माझा. अठरा वर्षं तुझं खाऊन त्याचं नाव घेत बसलेत."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"काय म्हणजे? खरं कळलं असतं."

"खरं काय आहे, गिनका?" रुमेनाने विचारले. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरेच हवे होते, कुणीतरी सांगावे. "तो माझ्यापाशी बसायचा, की यांच्यासाठी बसायचा? तुला कळत असेल तर सांग. मी मघापासून तोच विचार करतेय, आणि मला कळत नाही."

गिनकाने तिचा दंड सोडला. सेव्दाने यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

राडिसाव चिकटपट्टी घेऊन आला. वाऱ्याने कागद सरकत होता, आणि त्याला एकट्याला जमेना.

"जरा धरता का, ताई?"

रुमेना पुढे झाली. कागदावर तिचे नाव कुठेच नव्हते. खाली फक्त गुरुवारचे टेबल होते, आणि वर मेतोदी हसत होता, तिने कधी न पाहिलेले. तिने तळहाताने कागद झाडाशी सपाट केला, धोबीखान्यात चादर करायची तसा, मधून कडेकडे. मग शर्टाच्या दुसऱ्या बटणावर अंगठा टेकवला आणि राडिसाव चारही कोपरे चिकटवून होईपर्यंत तिथून हलवला नाही.