निळ्या मक्याचा नंबर

मी एक जुनी गिरणी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. माझ्या पोटात ज्वालामुखीचे दोन दगड आहेत. मेक्सिकोच्या डोंगरातल्या या गावात माझ्या मालकिणीच्या, एपिफानियाच्या, नवऱ्यानं मला घराच्या पुढच्या खोलीत बसवलं, तेव्हा बायका पाट्यावर मका वाटून गुडघे झिजवत होत्या. त्यांची पहाटेची झोप मी परत मिळवून दिली. हे कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून मीच सांगते.

आमच्याकडे मका कोरडा दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकडायचा, मुरवायचा आणि पहाटे बादली घेऊन माझ्यापुढे नंबर लावायचा. आधी पांढरा, मग पिवळा, निळा सगळ्यांत शेवटी. कारण निळ्याचा रंग दगडाला धरतो आणि पुढच्याच्या पिठात उतरतो. कुणी मध्ये घुसलं, की एपिफानिया कडाडायची, "बादली मागे घे गं! तुझी भाकरी काही पळून जात नाही. ती काय तुझा नवरा आहे?"

मग आमच्या आणि उत्तरेकडच्या सरकारांनी कुठल्याशा कागदावर सह्या केल्या. उत्तरेकडून आगगाड्या भरभरून पिवळा मका येऊ लागला. तिकडच्या शेतकऱ्याला त्याचं सरकार हात देतं, म्हणून तो मका आमच्या शेतातल्या मक्याहूनही स्वस्त पडायचा. गावानं शेतं सोडली. तरणे पुरुष उत्तरेला मजुरीला गेले. मी तोच पिवळा मका दळला. गिरणीला निवड नसते.

काही वर्षांनी तोच मका महागला. का, तर तिकडे त्याची दारू गाळून मोटारींना पाजू लागले! हे ऐकून माझा पट्टा घसरायचाच बाकी होता. दूरच्या एका शहरात, ज्यांनी कधी कणीस सोललं नाही अशी माणसं अजून न पेरलेला मका विकत घेतात म्हणे, आणि त्यांनी हात वर केला की आमच्या चुलीवरची भाकरी लहान होते. मित्रांनो, एवढासा दाणा, नखाएवढा! आणि त्याच्यापायी आगगाड्या धावतात, जहाजं हलतात, सरकारं घाबरतात. मी आयुष्यभर त्याला चिरडत आले, पण त्या दिवसांत मला त्याची छाती दडपून टाकणारी थोरवी कळली.

माझ्यापुढची रांग आटली. गावातलं शेवटचं निळं बियाणं तेवढं उरलं होतं. एपिफानियानं चुलीवरच्या धुरात टांगलेली कणसांची एक माळ. बारा वर्षं ती स्वतः थोडं पेरून ते जपत होती.

एके दिवशी ती स्वस्त मक्याची चौकशी करायला तालुक्याला गेली. घरात दाणा नव्हता, पोरं रडत होती. सुनेनं, रोमानानं, माळ उतरवली. माझ्याच पायाशी बसून तिनं घाईघाईनं दाणे सोलले आणि चुन्याच्या पाण्यात टाकून उकडले.

एपिफानिया परतली. तिनं रिकामी खुंटी पाहिली, मग भांडं पाहिलं. चुन्यात उकडलेला दाणा पुन्हा कधी उगवत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"आई, पोरं उपाशी होती," रोमाना रडत म्हणाली. "मला वाटलं, आता कोण पेरतंय!"

एपिफानियानं भांड्यातला एक फुगलेला दाणा उचलून बोटांत चिरडला. मग तिनं विचारलं, "कुठे बसून सोललास?"

"इथेच. गिरणीपाशी."

"आणि सांडलेले उचललेस?"

रोमानानं मान खाली घातली. आमच्याकडे मक्याचा दाणा जमिनीवर सोडत नाहीत. सोडला तर तो देवाकडे रडगाणं गातो, असं मानतात. पण सोलताना दाणे उडाले होते आणि घाईत तिनं वाकून पाहिलंच नव्हतं.

एपिफानिया गुडघ्यांवर बसली आणि तिनं माझ्याखाली हात घातला. धुळीतून, कोळिष्टकांतून एकेक निळा दाणा बाहेर आला. कोरडा, जिवंत. ओंजळ भरली नाही, पण तळ झाकला.

"सूनबाई," ती डोळे पुसत म्हणाली, "आजवर तुझ्या धांदरटपणाला शिव्या घातल्या. आज त्याच्या पाया पडते. चल, ते उकडलेलं दळ आणि पोरांना वाढ. आणि उद्या कुदळ घेऊन माझ्याबरोबर शेतात चल."

"उद्या?"

"मग काय, त्या शहरातल्या माणसांना विचारून येऊ?"

पहिल्या वर्षीचं सगळं पीक बियाण्याला ठेवलं. दुसऱ्या वर्षी शेजारणींनीही मागून नेलं. त्या हंगामात एका पहाटे रोमाना निळ्या मक्याची भरलेली बादली घेऊन रांगेत शेवटी उभी राहिली.

"पुढे ये," एपिफानिया म्हणाली.

"आई, सगळ्यांच्या पिठाला रंग लागेल."

"लागू दे."

निळा मका त्या दिवशी पहिला दळला गेला. मागच्या प्रत्येक बादलीत त्याची छटा उतरली, विकतच्या पिवळ्यातसुद्धा. साऱ्या गावाच्या भाकऱ्या निळसर झाल्या आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

मित्रांनो, माझे दगड आता झिजलेत, छिन्नीनं त्यांना टाकी लावायला माणूस मिळत नाही. तुम्ही माझ्याकडे नाही पाहिलंत तरी चालेल. पण दाणा खाली पडला, तर वाका. मी वाकू शकत नाही.