गाठ बघणारा

विहिरीतली मोटर गाळात रुतली होती. कल्याणनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला आवळलं आणि काठावर येऊन थांबला.

"आता कोणाची वाट पाहून राह्यला?" त्याची आई उषाबाई कावली. "गावातली पोरं नुसत्या उड्या मारतेत इथं. अन् तू म्हणं बर्फाचे डोंगर चढून आल्तास!"

आईला काय सांगणार? डोंगरावर गडी कितीही मुरलेला असो, जोडीदारानं गाठीला हात लावून बघितल्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. कल्याणची गाठ प्रत्येक मोहिमेत नोमाननं बघितली होती. मोहिमा सुटल्या आणि नोमान जालन्यात भावाच्या दुकानात बसला. इकडं वाटूर गावात कल्याणशी बोलायला माणसं पुष्कळ होती, पण त्याच्या कमरेकडं बघणारं कोणी नव्हतं.

शेवटी त्यानं गाठीचा फोटो काढून नोमानला पाठवला. उषाबाईनं कपाळावर हात मारला आणि ती घराकडं चालती झाली. कल्याण ऊन कलेपर्यंत एकटाच काठावर बसून राहिला.

उत्तर आलं ते आवाजात. टाईप करायला नोमानला बोटं कुठं उरली होती? ती बर्फानं खाल्ली होती.

"गाठ बराबर हाय भाई, पण पुढचं टोक आखूड सोडलं तू. खोलून पुन्हा मार, मंग उतर. तू वर आल्याबिगर मी गिऱ्हाईकाकडं बघत बी न्हाई."

कल्याणनं गाठ खोलली, पुन्हा मारली. मग सवयीनं दोन्ही हात बाजूला करून तो त्या रिकाम्या शेतात उभा राहिला, समोरच्याला गाठ नीट दिसावी म्हणून.