फरशीचं गाणं

आप्पांच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण केर काढायला ते कुणी बघत नसे. सकाळी आप्पा शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारत, घसा खाकरत आणि देवाचं पहिलं गाणं सुरू करत, की घर कामाला लागे. पहिलं गाणं अंथरुणांच्या घड्या घालण्याचं. दुसरं चढ्या लयीचं, ते झाडूचं. त्याची दोन कडवी बाहेरच्या खोलीची, दोन आतल्या खोलीची, आणि धृपद घोळवायचं ते कोपऱ्याकापऱ्यांसाठी. ठेक्याचं तिसरं गाणं ओट्याचं. मग फरशी पुसायचं संथ, लांबलचक गाणं. आणि शेवटी आभाराचं. ते सुरू झालं की हातातली वस्तू तिच्या जागी ठेवायची, हात धुवायचे आणि बाहेरच्या खोलीत गोल बसून चहा घ्यायचा.

आप्पा शिंपी. दिवसभर पायाखाली मशीन आणि ओठांवर गाणं. संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात उभे राहून ते गात गात असं काही सांगत, की लोक घरी जाताना हसत तरी असत, नाहीतर डोळे पुसत. घरातही त्यांचं प्रवचन थांबत नसे. "देव सगळीकडे आहे म्हणतोस," गाणं मध्येच थांबवून ते मुलाला म्हणत, "मग पलंगाखाली नसेल होय? तिथला केर काढ."

मुलगा वायरमन. लोकांच्या घरात उजेड पाडायचा, पण स्वतःचे मोजे त्याला सापडत नसत. सून पोस्टात खिडकीवर बसायची. तिच्या माहेरी पाहुणे यायचे म्हटलं की आरडाओरडा करत सगळा पसारा कपाटात कोंबायचे, आणि पाहुणे गेल्यावर कपाट उघडायला कुणी धजावायचं नाही. या घरातलं गाऊन केर काढणं पाहून तिला आधी हसू आलं होतं. मग एक दिवस पोस्टाचं टेबल पुसताना ती ओट्याचं गाणं गुणगुणत असल्याचं रांगेतल्या एका बाईनेच तिला सांगितलं. नात शाळेत जाणारी, आवाजावरून तिला सगळे टिटवी म्हणत.

सुनेची एकच तक्रार होती. फरशीच्या गाण्यात फडकं पिळायला सवड मिळत नसे.

"आप्पा, मध्ये एखादं कडवं वाढवा ना," ती म्हणे.

"पोरी, देवाचं गाणं आहे ते. बाही नाही, की आत दुमडलेला दाब उसवला आणि सोडली दोन बोटं."

मग आप्पांच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, शस्त्रक्रियाही नीट झाली. डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे मौन सांगितलं, ते आप्पांनी निष्ठेनं पाळलं. मौन सुटायच्या दिवशी दवाखान्यात त्यांना 'आ' म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं. निघाला तो आवाज गंजलेल्या बिजागरीचा. आप्पांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

"बोला आता, गा थोडं थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि बाहेर आल्यावर सुनेला हळूच म्हणाल्या, "आवाज वापरला तर मोकळा होईल. नाही वापरला तर हा आहे तोही आखडेल. यांना बोलतं करा."

बोलतं करणार कसं? आप्पा मानेनं हो-नाही म्हणत, हातानं पाणी मागत आणि मशीनवर पाठमोरे बसून राहत. प्रार्थनाघरातून बोलावणं आलं की गळ्याकडे बोट दाखवून हात जोडत.

इकडे घराची रया गेली. काम कुणी टाळत नव्हतं, पण सुरू कधी करायचं आणि थांबायचं कधी हेच कुणाला कळेना. मुलगा एकाच खोलीत झाडू घेऊन अर्धी सकाळ फिरायचा. कंगवा फ्रिजमध्ये सापडला. टिटवीच्या दप्तरात ओट्याचं फडकं शाळेत जाऊन आलं.

मुलानं उपाय काढला. मोबाईलवर देवाची गाणी लावली. पण त्या गवयानं एकच ओळ अशी धरून ठेवली, की सून तोवर तेच एक पातेलं घासत राहिली.

"अहो, पुढं सरकवा त्याला," ती म्हणाली. "पातेल्याला भोक पडेल."

मुलानं बोट लावलं तर मध्येच गादीची जाहिरात लागली. 'पाठ टेका, निवांत झोपा,' असं बाई मधाळ आवाजात सांगू लागली आणि टिटवी आज्ञाधारकपणे पलंगावर जाऊन पडली. आप्पांचे खांदे हसून हलले, पण आवाज नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सुनेनं पदर खोचला. "आज मी म्हणते."

सुनेच्या गळ्यात सूर कधी वस्तीला आलाच नव्हता, हे तिला स्वतःलाही माहीत होतं. पण तिनं डोळे मिटून देवाला हात जोडले आणि धरलं पहिलं गाणं. अंथरुणांच्या घड्या झाल्या. झाडूचं गाणं जरा वाकडं गेलं, त्यामुळे एक कोपरा राहिला, पण केर निघाला. ओटा लख्ख झाला. मशीनवर बसलेल्या आप्पांचा पाय नकळत पायट्यावर ठेका धरू लागला.

बादली भरून मधोमध आली. मुलानं फडकं बुडवलं. सुनेनं फरशीचं गाणं सुरू केलं. आता झालं असं, की त्या गाण्याची आणि आभाराच्या गाण्याची चाल सुरुवातीला बहिणी-बहिणींसारखी. तिथून आप्पा अलगद वळण घेत. सुनेला ते वळण सापडलं नाही. ती सरळ पुढे गेली आणि बघता बघता आभाराच्या गाण्यात जाऊन पोचली.

सवयीचं घर ते. आभाराचे शब्द कानी पडताच मुलानं कोरडी फरशी तशीच सोडून फडकं दोरीवर टाकलं, हात धुतले आणि चहा ठेवला. टिटवीनं झाडू जागेवर लटकवला. सूनही गात गात येऊन बसली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर मोठं समाधान. खोलीच्या मधोमध भरलेली बादली उभी, आणि फरशीवर सगळ्यांच्या पावलांचे ठसे.

आप्पा वळले. त्यांनी बादलीकडे बोट केलं.

"हो आप्पा," मुलगा कप देत म्हणाला, "छान झालं ना सगळं?"

आप्पांनी जोरजोरात फरशीकडे बोट दाखवलं. टिटवी लगेच उठून त्या जागी जाऊन बसली.

आप्पांनी लक्ष वेधायला टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सून लाजून म्हणाली, "इतकं काही बरं नव्हतं हं, आप्पा."

आप्पांनी कपाळाला हात लावला, कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

"फरशी," ते म्हणाले. "अरे, फरशी राहिली की."

खरखरीत, जाडाभरडा आवाज. ओट्यावरचा उरलेला चहा उतू गेला तरी कुणी उठेना. आप्पा स्वतःच दचकले होते. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला ती हात उचलेना, जणू तेवढ्यानंही तो आवाज उडून जाईल.

टिटवीनं मान तिरकी करून नीट विचार केला. "आप्पा, तुमचा आवाज खराट्यासारखा झालाय."

आप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हसले, खरखरत, खोकत, पण आवाजात हसले. "खराटा ना? मग बरंय. खराट्यानं तर अंगण निघतं, ही एवढीशी खोली नाही निघणार? घे फडकं."

आणि त्यांनी फरशीचं गाणं धरलं. एक ओळ झाली की श्वास तुटायचा, थांबावं लागायचं. पहिल्यांदा थांबले तेव्हा ओशाळून त्यांनी खाली पाहिलं. सून बादलीशी वाकून निवांतपणे फडकं पिळत होती.

"घ्या हो सावकाश," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा फडकं धड पिळून होतंय. आता ही सवड काढून घेऊ नका."

मग ओळ आली की पुसायचं, श्वास आला की पिळायचं, असं ते गाणं खोलीभर सरकत दारापर्यंत पोचलं. फरशी इतकी लखलखली, की खिडकीतलं ऊन तिच्यावर पाय ठेवायला बिचकलं असतं.

"खरं सांग," मुलानं बायकोच्या कानाशी लागून विचारलं, "मुद्दाम चुकलीस ना?"

"मुद्दाम चुकायला आधी सूर कळावा लागतो," ती म्हणाली. "हे वरच्यानं केलं. माझा गळा नुसता उसना घेतला."

आप्पांना ऐकू गेलंच. ते मशीनला टेकून बसले, दमलेले, घामेजलेले, आणि सुनेकडे बघून म्हणाले, "सूनबाई, चहा परत ठेव. आणि आभाराचं तू म्हण. तुला तेवढंच एक येतं."

सुनेनं गायला सुरुवात केली, तशीच वाकडी. या वेळी तिच्या मागोमाग खराट्यासारखा एक आवाज हळूहळू चालू लागला.