जाड नंबरचा मास्क

मी मास्क बोलतोय. नाक-तोंड झाकायचा कापडी मास्क नव्हे. त्याचं दुःख त्याच्यापाशी. मी पाण्याखाली बघायचा, काचेचा आणि रबराचा. बंदरावरच्या एका दुकानात खिळ्यावर लटकलेला असतो. माझे भाऊबंद खाली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकमेकांच्या उरावर पडलेले असतात. मला खिळा मिळाला तो काही मानपान म्हणून नव्हे. माझ्या काचा नंबरच्या आहेत, आणि नंबरही चांगला जाड. भलत्याच्या हाती पडलो तर तो पाण्यातून भांडायलाच परत येतो. म्हणून मला वेगळं टांगलंय.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मीही इतरांसारखा साधाच होतो. पुढे एका हौशी गिऱ्हाइकाने चष्मेवाल्याकडून माझ्यात आपल्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या, समुद्रात मिरवून झालं आणि जाताना मला इथेच विसरून गेला. दुकानवाल्या ताईंनी बरेच दिवस त्याची वाट पाहिली. मग मी भाड्याने जाऊ लागलो.

मला घालण्याआधी काचेवर आतून थुंकून बोट फिरवायचं असतं, म्हणजे वाफ धरत नाही. आयुष्यभर लोक माझ्या तोंडावर थुंकत आले आणि मी त्यांना स्वच्छ दाखवत आलो. तक्रार नाही, पण आता कंटाळा आलाय. मीठ, ऊन, साबणाचं पाणी, पुन्हा मीठ. कोणाचं नाक मोठं, कोणाच्या मिशा आड येतात, आणि पाणी आत शिरलं की दोष माझा.

काउंटरवर समुद्राचा एक मोठा नकाशा आहे. फिरायला आलेली जोडपी त्यावर वाकतात आणि पोवळी बघायला कुठे जायचं यावरून तिथेच जुंपते. एकाला लांबचं ठिकाण हवं असतं, दुसऱ्याला लवकर परतायचं असतं. मोठी बोट घ्यायची की लहान? फोटो काढून देतात का? जेवण बोटीवरच का? पोवळी कशी आहेत, हे विचारणारा विरळाच. बरं आहे विचारत नाहीत ते. पूर्वी जांभळी होती त्यातली कितीतरी आता पांढरीफटक पडलीत, आणि काही तर लोकांनीच पाय देऊन मोडली.

अशाच एका सकाळी काका-काकू आले. ताई सगळ्याच वडीलधाऱ्या गिऱ्हाइकांना काका-काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दारातून आत येताच काका क्रेटला धडकले आणि माझे भाऊबंद फरशीभर पसरले.

"बघून चाला की हो!" काकू करवादल्या. "घरी टीपॉय, इथे हे!"

काका ओशाळे हसले आणि नकाशाकडे वळले. त्यांचं बोट थेट सगळ्यात लांबच्या जागी जाऊन टेकलं. काकू मात्र ताईंना भलतेच प्रश्न विचारत होत्या.

"पाणी किती खोल असतं हो तिथे? उभं राहता येतं का?"

"लांबच्या ठिकाणी नाही येत काकू. जवळच्या उथळ जागी येतं. मधे वाळू आहे, छातीभर पाणी."

"आणि उडी मारावी लागते का?"

"अगं, आपण समुद्रावर आलोय, नळावर नाही," काका म्हणाले. "एवढा खटाटोप करून यायचं आणि घोट्याभर पाण्यात डुंबायचं?"

ते पायात घालायचे पंख बघायला कोपऱ्यात गेले, तशा काकू हळूच ताईंना म्हणाल्या, "त्यांचा एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसऱ्याचा पडदा पातळ झालाय. डॉक्टर म्हणाले, काय बघायचंय ते लवकर बघून घ्या. पण उडी नको, हिसका नको. लग्न झाल्यापासून एकच घोकतायत, एकदा पोवळी बघायचीत."

"मग जवळचंच घ्या ना."

"मी सांगितलं की ते हट्टाने उलटं करतात," काकू म्हणाल्या.

आणि झालंही तसंच. काकांनी मोठी बोट ठरवली. ताईंनी काकांचा जाड चष्मा उतरवायला लावला आणि मला खिळ्यावरून काढून त्यांना लावून बघितलं. नंबर तंतोतंत नव्हता, पण जवळपास होता. काकांनी दारातून बाहेर पाहिलं आणि एखाद्या पोरासारखे ओरडले, "अगं, बोटीवरचं नाव वाचता येतंय मला!"

मोठ्या बोटीवर गाणी लावलेली, माणसांची ही गर्दी. ठिकाण आल्यावर बोटीवरच्या गाईडने टाळ्या वाजवल्या आणि माणसं मागच्या फळीवरून धपाधप उड्या मारू लागली. शिडी वर चढायला होती. ती म्हणे नंतर सोडणार. काका फळीच्या टोकाला उभे राहिले. मी त्यांच्या डोळ्यांवर होतो. त्यांचा श्वास गरम येत होता, माझी काच वाफेने भरली. काकूंनी मागून काकांचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

"घाबरू नका काका! मारा उडी!" गाईड ओरडला.

"घाबरत नाहीये रे बाबा," काका म्हणाले आणि मागे सरले. परत निघेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. काकूंचा साधा मास्क त्यांच्या मांडीवर कोरडाच होता.

"तू तरी जाऊन ये."

"एकटीने काय बघायचंय मला?" काकू म्हणाल्या.

दुकानात परतल्यावर काकांनी मला स्वतःच्या हाताने खिळ्यावर अडकवलं. "जाऊ दे. उद्या संध्याकाळी निघायचंय. नव्हतं नशिबात."

"नशिबाला कशाला मधे आणता?" काकूंचा आवाज चढला. "उडी मारायची नव्हती, एवढंच होतं ना? उद्या सकाळी घोट्याभर पाण्यात जायचं. मी ठरवलंय."

या खेपेला काकांनी हट्ट न करता मान डोलावली.

दुसऱ्या दिवशीची बोट लहान होती. नाखवा अबोल. त्याने वाळूवर नांगर टाकला, शिडी लावली आणि स्वस्थ बसला. काका एकेक पायरी पुटपुटत मोजत उतरले, मागोमाग काकूही; काकांचे पाय वाळूला टेकले, आणि श्वासाची नळी तोंडात धरून त्यांनी चेहरा पाण्यात घातला.

खरं सांगतो, मला लाज वाटत होती. दाखवायला उरलं होतंच काय? तपकिरी पोवळ्यांचे चार गड्डे, कडेला बरीच पांढरी पडलेली. फटीत एक पट्ट्यापट्ट्यांचा खेकडा. नखाएवढे निळे मासे, आणि जांभळ्या पोवळ्याचा एक तुकडा, कसाबसा तग धरून. पण काका हलेनात. हळूहळू माझ्या तळाशी पाणी साचू लागलं. आधी वाटलं मी गळतोय, पण माझं रबर तेव्हा शाबूत होतं. काका रडत होते.

एकदम ते उभे राहिले. "अगं, जांभळं आहे! खरंच जांभळं! बघ, बघ लवकर!" आणि काकूंच्या गळ्यात त्यांचा स्वतःचा मास्क असताना काकांनी उत्साहाच्या भरात मलाच काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवलं.

नळी तोंडात धरून काकू वाकल्या. माझ्या जाड काचांतून त्यांना काय दिसणार? ना खेकडा, ना मासे. नुसते तपकिरी-पांढरे डाग, एकात एक मिसळलेले. मला वाटलं, आता चिडतील. पण त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

मग उभं राहून त्यांनी मला कपाळावर सरकवलं. समोर काका हसत होते. पण काकूंकडे बघून नव्हे, थोडं बाजूला. डोळ्यांवर ना मी, ना चष्मा; बायकोचा चेहरा नक्की कुठे आहे ते त्यांना उमगत नव्हतं.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"अहो," काकू सावकाश म्हणाल्या, "चष्मा काढला की तुम्हाला असं दिसतं?"

"मग! उगाच का मी तुझ्या टीपॉयला धडकतो?"

काका आपल्याच विनोदावर हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा काकांच्या डोळ्यांवर नीट बसवलं, मागचा पट्टा सरळ केला आणि म्हणाल्या, "तुम्ही बघा. पोटभर बघा. मला घाई नाही."

दुपारी दोघं मला परत करायला आली. क्रेट होता तिथेच, दारात. काकू पुढे झाल्या, त्यांनी तो पायाने बाजूला सारला आणि हात मागे केला. "इथे पायरी आहे हं. माझा हात धरा."

आता माझा पट्टा तुटलाय, रबर पिवळं पडून चिरलंय. ताईंनी नंबरचा नवा मास्क मागवलाय. तो आला की माझी रवानगी कचऱ्यात, आणि खरं सांगू, मला त्याचं फार वाईट वाटत नाही. खूप माणसांचे डोळे झालो, दमलो. जाता जाता एकच मागणं. नकाशावर वाकाल तेव्हा लांबच्या ठिकाणावर बोट ठेवण्याआधी काकूंचा तो वेड्यासारखा प्रश्न विचारा, तिथे दोघांना उभं राहता येईल का? आणि उभे राहाल ते वाळूवर, पोवळ्यांवर नको. तो जांभळा तुकडा अजून कोणाचातरी बघायचा राहिला असेल.