आडवा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. आता मला कोणी दरवाजा म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी. मला चार लोखंडी पाय बसवले आहेत, अंगावर काच टाकली आहे आणि लोक माझ्यावर कॉफीचे कप ठेवतात. पण माझी हकीकत ऐकून घ्याल तर मी कोण आहे ते तुम्हीच ठरवाल.

दरवाजा होण्याआधी मी होडी होतो. उत्तनच्या पेद्रू कोळ्याची होडी. ती म्हातारी झाली तेव्हा तिचं सागवान चुलीत घालायला पेद्रूचं मन झालं नाही. त्याच्या मुलाचं, जेरोमचं, लग्न ठरलं होतं आणि नव्या घराला दार हवं होतं. गावच्या सुताराने होडीच्या फळ्या जोडून एकच रुंद, जडशीळ दरवाजा केला. होडीच्या खिळ्यांची भोकं तशीच राहिली. मधोमध लोखंडी कोयंडा ठोकला. जेरोमची बायको बर्नडेट लग्न होऊन आली ती माझ्यातूनच आत आली.

त्या घरात माझा रुबाब होता. पावसाळ्याच्या आधी जेरोम त्याच्या नव्या होडीला तेल लावायचा आणि उरलेलं तेल मला चोळायचा. वास इतका यायचा की बर्नडेट नाकाला पदर लावून म्हणायची, ‘‘बायकोला कवा इतका चोलला नाय!’’ जेरोम हसत राहायचा आणि हात काही थांबवायचा नाही. वारा, खारी हवा, पोरांच्या लाथा, सगळं मी सोसलं आणि कधी कुरकुरलो नाही. बरं, थोडा कुरकुरायचो. पण ते पाहुणे आले की आतल्यांना कळावं म्हणून.

आता आमच्या घराची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. घरातलं कोणी गेलं की मला बिजागऱ्यांतून उचलून काढायचे, दोन पिंपांवर आडवं करायचे आणि गेलेल्या माणसाला माझ्यावर निजवायचे. समुद्रावर जगलेला माणूस शेवटी होडीच्या लाकडावरून जावा, असं पेद्रू म्हणायचा. तोवर घराला दार नसायचं. कोणी ठोठावायचं नाही, कोणी विचारायचं नाही, सगळा गाव सरळ आत यायचा. दफन झालं की ज्या हातांनी काढलं त्याच हातांनी मला परत उभं करायचं.

पहिला पेद्रू माझ्यावर निजला. पुष्कळ वर्षांनी बर्नडेट निजली. तिच्या वेळी एका बाजूने जेरोमने मला उचललं आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या मुलाने, ट्रेव्हरने. दोघांचे अश्रू माझ्यावर पडले. मला परत उभं केल्यावर जेरोमने माझ्यावर हात ठेवला आणि ट्रेव्हरला म्हणाला, ‘‘आता माझी पाली. मना बी याच्यावरूनच ने, बाला.’’

‘‘हो डॅडी,’’ ट्रेव्हर म्हणाला. मी साक्षीला होतो.

त्यानंतर जेरोमचे डोळे गेले. काचबिंदू होता. उजेड तेवढा कळायचा. पण घरात तो कुठे अडला नाही. सकाळी तो माझा कोयंडा चाचपायचा आणि तिथून भिंतीला हात लावत चुलीपर्यंत, तिथून खाटेपर्यंत जायचा. सगळं घर त्याला हाताने पाठ होतं आणि त्याची सुरुवात माझ्यापासून होती. मला तेव्हा किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग ट्रेव्हर आणि त्याची बायको स्टेफनी यांनी घर नवं करायला काढलं.

खोटं कशाला बोलू, दोघं जीव ओतून काम करायची. भिंतीला रंग कुठला, फरशी कुठली, दिवे कुठले, यावर जेवताना भांडायची आणि जेवण संपायच्या आत हसायची. स्टेफनीने ट्रेव्हरच्या नाकाला रंग लावला, ट्रेव्हरने तिच्या. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ निघाले. अशी प्रेमळ जोडी पाहून कोणाचंही मन भरून आलं असतं. फक्त त्या व्हिडिओत जेरोम कुठे नव्हता. धूळ त्याला सोसणार नाही म्हणून त्याला भाईंदरला, मोरव्यात एका भाड्याच्या खोलीत ठेवलं होतं. शेजारच्या सरोजाबाई त्याला डबा द्यायच्या.

‘‘काम झालं की लगेच घेऊन येतो, डॅडी,’’ ट्रेव्हर म्हणाला होता.

जेरोम जाताना माझ्यापाशी थांबला. कोयंड्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, ‘‘याला तेल लावा. सुकेल.’’

त्याची रिक्षा वळली आणि ज्या भिंतीला धरून तो चालायचा ती त्याच आठवड्यात पाडली. हॉल मोठा हवा होता. त्याच्या खोलीत स्टेफनीचं ऑफिस आलं. आणि माझ्या जागी काळ्या रंगाचा, नंबर दाबून उघडणारा दरवाजा आला.

मला वाटलं, आता मी भंगारात. पण स्टेफनी मला पाहून टाळ्या वाजवू लागली. ‘‘ट्रेव्हर, हे फेकायचं नाही हं! याचं कॉफी टेबल करू या. एकदम व्हिंटेज!’’

ट्रेव्हरने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सांगेल. आजोबा इथे निजले, आई इथे निजली, असं म्हणेल. तो म्हणाला, ‘‘चालेल. लाकूड चांगलं आहे.’’

बिजागऱ्या त्यानेच काढल्या. एकट्याने.

टेम्पोत घालून मला काशीगावच्या एका कारखान्यात नेलं. तिथे मशीनने माझी कातडी सोलली. जेरोमने वर्षानुवर्षं मुरवलेलं तेल भुसा होऊन जमिनीवर पडलं. होडीच्या खिळ्यांची भोकं मात्र स्टेफनीला फार आवडली. एवढ्याने भागेना म्हणून तिने कारागिराला आणखी भोकं पाडायला लावली. ‘‘भाभी, ये तो नकली लगेगा,’’ तो म्हणाला. ‘‘कोणाला कळतंय?’’ ती म्हणाली. मित्रांनो, मला कळत होतं, पण मला कोण विचारतो!

कोयंडा शोभेसाठी ठेवला, वरच्या काचेत त्याच्यापुरती जागा कापून उघडाच. माझ्या अंगावर ओळखीचं एवढंच उरलं.

घर तयार झालं. फादरना बोलावलं, घरावर आशीर्वादाचं पाणी शिंपडून झालं, मग पाहुणे खायला बसले. माझ्यावर केक, सँडविच, वाइनचे ग्लास मांडले. ज्याने त्याने माझं तोंडभरून कौतुक केलं. ट्रेव्हरही समोर बसला होता. मला एकच गोष्ट दिसली. सगळ्यांनी ग्लास माझ्यावर ठेवले, पण त्याने स्वतःचा ग्लास हातातच धरला होता.

तेवढ्यात सरोजाबाई जेरोमला घेऊन आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. घराला आशीर्वाद आहे हे त्याला गावातल्या कोणीतरी फोनवर सांगितलं आणि त्याला वाटलं, आपल्याला न्यायला यायला पोराला उशीर झाला असेल. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कपड्यांची पिशवी सोबत आणली होती.

दारात त्याने सवयीने हात पुढे केला. हाताला काहीच ओळखीचं लागलं नाही. भिंत शोधली, तर भिंतही नाही. स्वतःच्याच घरात तो पाण्यात उतरल्यासारखा हात हलवत उभा राहिला. एका पाहुण्याला हसू आलं. सरोजाबाईंनी त्याला सोफ्यावर बसवलं आणि त्याचा हात माझ्यावर पडला.

बोटांना कोयंडा लागला. बोटं तिथे थांबली. मग ती माझ्या कडेकडेने फिरू लागली. एक प्लेट सरकली, एक ग्लास पडून फुटला. जेरोम ताडकन उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि छातीवर क्रूस काढला.

‘‘कोन गेला?’’ त्याने विचारलं.



‘‘कोणी नाही गेलं, डॅडी,’’ स्टेफनी म्हणाली. ‘‘टेबल आहे ते. कॉफी टेबल.’’

‘‘टेबल नाय. दरवाजा हाय माझा. आडवा हाय. मना सांगा, कोन गेला?’’ त्याने आवाजांच्या दिशेने तोंड फिरवलं. ‘‘ट्रेव्हर, तू हायस ना?’’

‘‘आहे, डॅडी.’’

‘‘स्टेफनी?’’

‘‘इथेच आहे.’’

घरात आणखी होतंच कोण?

‘‘मंग मीच का रे?’’

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं. म्हाताऱ्याने काय विनोद केला, असं त्यांना वाटलं. मी ट्रेव्हरकडे पाहत होतो. या घरात त्या प्रश्नाचा अर्थ जेरोमशिवाय त्या एकालाच ठाऊक होता. तोही हसला. मित्रांनो, तोही हसला.

‘‘पुरे आता, डॅडी,’’ तो म्हणाला. ‘‘लोक खातायत.’’

स्टेफनीने काचा वेचता वेचता हळूच त्याला म्हटलं, ‘‘बघितलंस ना? कसं ठेवणार यांना इथे? कुठेतरी आपटतील.’’ ट्रेव्हरने मान हलवली. घर त्यांनीच असं केलं होतं की त्याने आपटावं, आणि आपटेल म्हणून घर त्याचं राहिलं नाही. जेरोमला केकचा डबा दिला, पिशवी परत हातात दिली आणि सरोजाबाईंबरोबर मोरव्याला धाडून दिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. फोन सरोजाबाईंनीच केला. स्पीकर चालू होता, मी ऐकत होतो. ‘‘बाबा सारखं म्हणायचे, मला दरवाज्यावरून न्या. कुठल्या दरवाज्यावरून, ते मला काही कळलं नाही. तुम्हाला माहीत असंल.’’

ट्रेव्हर उठला. माझ्याजवळ आला, गुडघ्यांवर बसला आणि काचेखाली बोटं घातली. माझ्या सगळ्या फळ्यांत जीव आला. उचल, मी मनात म्हणत होतो, अरे एकदा उचल!

‘‘काय करतोयस?’’ स्टेफनीने विचारलं. ‘‘काच फुटेल. आणि डेड बॉडी घरात नको ना, प्लीज. आत्ताच रंग दिलाय.’’

ट्रेव्हरने बोटं काढून घेतली. काच किंचित वाकडी झाली होती, ती त्याने सरळ केली. जेरोमला गाडीतून परस्पर चर्चमध्ये नेलं. दफनानंतर लोक इथे आले आणि माझ्यावर सँडविच खाऊन गेले.

आता मला दर रविवारी मऊ फडक्याने पुसतात. सुगंधी तेल लावतात. माझ्यावर पाण्याचा एक डाग पडू देत नाहीत. नवे पाहुणे विचारतात, ‘‘कुठून घेतलं हे?’’ स्टेफनी आवाज हळवा करून सांगते, ‘‘आमच्या डॅडींची आठवण आहे. जपून ठेवलीय.’’ ट्रेव्हर समोर बसलेला असतो, ग्लास हातात धरून.

मित्रांनो, शेवटी जुन्या वस्तूने ‘मला जपा’ असं म्हणायचं असतं. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं. तुमच्या घरी कोणी भिंत चाचपत येत असेल, तर मला पुसायचं ते फडकं खाली ठेवा आणि त्याचा हात धरा. आणि एवढं झालंच नाही तुमच्याने, तर निदान माझ्यावर ताटं मांडू नका. माझ्यावर एक माणूस निजायचा राहिलाय.